बाई, का रडता?

आमच्या घराला दारं दोन, चुली दोन, पण ओटा एकच होता आणि अंगणातला नळही एकच. दोन जावांना भांडायला एवढं भांडवल पुष्कळ झालं. आमच्या ख्रिस्ती वस्तीत याहून कमी भांडवलावर रोज सकाळी रण पेटायचं. कोणाचा हंडा आधी, कोणाचं सांडपाणी कोणाच्या दारात, कोणाची कोंबडी कोणाच्या वाळवणात शिरली, असं सगळं निघायचं. आणि संध्याकाळी त्याच बायका एकमेकींच्या वेण्या घालत बसलेल्या दिसायच्या. आमच्याकडे ती सोय नव्हती. माझी मम्मी आणि मोठी काकू भांडायच्याच नाहीत, कारण त्या बोलायच्याच नाहीत. मी फ्रॉक घालत होते तेव्हा हा अबोला सुरू झाला आणि माझी दहावीची परीक्षा होऊन गेली तरी चालूच होता. त्याचा सगळा भार कोणावर होता म्हणाल तर माझ्यावर. “शीले, तुझ्या काकूला सांग, नळ आला,” मम्मी सांगायची. काकू तिथेच नळापाशी राखेनं भांडी घाशीत बसलेली असायची, तिच्या अंगावर पाण्याचे शिंतोडे उडत असायचे. “शीले, तुज्या मम्मीला म्हनावं, मला डोळं हायती,” काकू भांड्याकडे बघत म्हणायची. मी तोंड उघडायच्या आत मम्मी म्हणायची, “डोळे आहेत तर हंडा लावायला सांग.” दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू जात होतं, पण मी मध्ये उभी राहून ‘सांगितलं’ असं म्हटल्याशिवाय ते पोचलं असं कोणी धरत नसे. अभ्यासाला बसले तरी हाक यायची. आज माझी मुलं मला म्हणतात, आई, तू लगेच चिडतेस. मी म्हणते, तुम्ही माझ्या जागी एक आठवडा काढला असतात तर कळलं असतं.

राहुरीच्या अलीकडे मुळेच्या पाटाला लागून आमचं गाव. गळिताचा हंगाम असला की उसाच्या गाड्यांच्या घुंगरांचा आणि कारखान्याच्या भोंग्याचा आवाज सारखा कानावर असायचा. मोठे काका कारखान्यात होते, पप्पा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला जायचे. हे दोघे भाऊ मात्र एकमेकांशी व्यवस्थित बोलायचे. संध्याकाळी ओट्यावर बसून एका कपातला चहा एकानं कपातून आणि एकानं बशीतून प्यायचा, पाटाला पाणी कधी सुटणार आणि यंदा भाव काय फुटणार हे बोलायचं आणि मागे दोन चुलींवर दोन बायका तोंडं शिवून बसल्यात याचा विषयच काढायचा नाही. मी एकदा पप्पांना म्हटलं, तुम्ही काहीतरी बोला ना. पप्पा म्हणाले, “बायकांचं हाय ते. आपन कशाला पडायचं त्यात?” याचा मला तेव्हा जेवढा राग आला तेवढाच आज हे लिहिताना येतो आहे.

कारण काही नळाचं नव्हतं. काकूला एक मुलगी, विमलताई, तिचं लग्न होऊन ती पारनेरला दिलेली. आणि एक मुलगा, शमुवेल. आम्ही त्याला शमूदादा म्हणायचो. उंच, जरा वाकून चालणारा, कारखान्यात नुकताच हंगामी लागलेला. भाकरी खाताना तो कधी बसायचा नाही. चुलीपाशी उभ्यानंच तव्यावरची उचलून खायचा आणि काकूच्या शिव्या खायचा. एका हंगामात त्याला कावीळ झाली. झाडपाला झाला, नगरचा दवाखाना झाला, आणि तो गेला. त्याला घरी आणला तेव्हा काकूनं जो हंबरडा फोडला तो पाटापलीकडच्या मळ्यात ऐकू गेला. ती त्याच्या अंगावर पडायची, उठायची, भिंतीवर डोकं आपटायला जायची, बायका धरायच्या. माझी मम्मी नगरच्या बोर्डिंगात वाढलेली. तिथं शिकवलेलं तिच्या हाडीमाशी भिनलं होतं: ज्यांना आशा नाही त्यांनी असं रडावं, आपण विश्वासणाऱ्यांनी नाही. ती पुढे झाली, काकूचे दोन्ही हात धरले. मम्मी काकूला पहिल्यापासून जाऊबाई म्हणायची, पुढेपुढे त्यातलं जाऊ गळून नुसतं बाई राहिलं होतं. ती म्हणाली, “बाई, रडू नका. तो झोपलाय. शेवटल्या दिवशी उठणार आहे. आपला प्रभू मरणातून उठला, तसाच शमूही उठेल. रडू नका.” आणि काकू थांबली. नळ बंद करावा तशी थांबली. सगळ्या बायका बघत राहिल्या. सगुणा आजी, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी, म्हणाली की वचनाला कसली ताकद असते बघा. मम्मीलाही तसंच वाटलं. तिच्या डोळ्यांत खरोखरची माया होती, हे मी शेजारी उभी राहून पाहिलं आहे आणि कोणी काही म्हटलं तरी ते मी खोटं म्हणणार नाही.

काकू मग पेटी उचलताना रडली नाही, माती टाकताना रडली नाही. मम्मीशी बोललीही नाही. हे मम्मीच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले, कारण दुःखाच्या घरात कोण किती बोलतंय हे कोणी मोजत नाही. लक्षात आलं तेव्हा तिला वाईट वाटलं, मग राग आला, आणि राग आल्यावर तीही गप्प बसली. “मी काय वाईट बोलले?” ती पप्पांना विचारायची. “शास्त्रात आहे तेच बोलले ना? माझ्या पदरचं एक अक्षर घातलं का त्यात?” पप्पा म्हणायचे, न्हाई घातलं. “मग?” मी हे इतक्यांदा ऐकलं की मम्मीनं ‘मी काय’ म्हटलं की पुढचं मला मनात आपोआप ऐकू यायचं. बरोबर असणं हा माझ्या मम्मीचा मोठाच रोग होता. तो मला लागला नाही असं माझ्या घरातलं कोणी म्हणणार नाही.

मी दहावीला होते त्या वर्षी काका कारखान्यातून निवृत्त झाले आणि एके दिवशी काकूनं मला अंगणात उभं करून सांगितलं, “शीले, तुज्या मम्मीला सांग, ईस्टर झाला की आमी चाललो पारनेरला. विमलीकडं. जावई टेम्पो धाडनार हाय. ही खोली घ्या म्हनावं वापराया.” मी धावत चुलीपाशी गेले. मम्मी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “ऐकलं,” म्हणाली. माझ्या आठवणीत मी मध्ये न बोलता काही पोचलं असेल तर ते एवढंच. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास अंगणात गेला, काकूनंही तो घेतला असणार, पण पलीकडून ‘भाकरी बघ’ असं कोणी ओरडलं नाही. जेवताना मम्मी म्हणाली, “जाऊ दे. ज्याची त्याची मर्जी.” आणि मग पप्पांवर, माझ्यावर, मांजरावर, मीठ कमी पडलं म्हणून मिठाच्या बरणीवरही चिडली. दुसऱ्या दिवसापासून मी पाहिलं की नळ आला की ती आधी काकूचा हंडा भरून ठेवायची आणि मग आपला. बोलायची नाही ती नाहीच. मला दोघींना धरून हलवावंसं वाटायचं. काकू गेली की ती परत येणार नाही हे मला दिसत होतं. पारनेर काही विलायतेत नाही. पण ज्यांचं एका अंगणात राहून जमलं नाही त्या एस. टी. चं तिकीट काढून एकमेकींना भेटायला जातील, एवढी मी बावळट नव्हते. काकूच्या मांडीवर मी वाढले होते. तिच्या येसुराच्या, म्हणजे भाजलेल्या पिठामसाल्याच्या आमटीचा वास आला की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. ती अशी, न बोलता, टेम्पोत बसून निघून जाणार होती.

आमच्या मंडळीत त्याच वर्षी नवे पाळक आले होते. पुण्याहून शिकून आलेले, तरुण, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी ठरवलं की ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात दर शुक्रवारी ‘ख्रिस्ती नातेसंबंध’ या विषयावर वर्ग घ्यायचे. जाड कागदावर रंगीत पेनानं लिहून आणायचे आणि चर्चच्या भिंतीला टाचणीनं लावायचे. पती-पत्नी झालं, आईबाप आणि मुलं झाली, भाऊ-भाऊ झाले. सासू-सुनेच्या दिवशी तर बाहेर ओट्यावरसुद्धा जागा उरली नाही. शेवटी सगुणा आजीनं विचारलं, “साहेब, जावा-जावांचं काय दिलंय शास्त्रात?” साहेब अडखळले, पानं उलटली आणि खुश होऊन म्हणाले, “रूथ आणि अर्पा या जावाच होत्या!” आजी म्हणाली, “मंग त्यातली एक निघून गेली की सासूला सोडून.” बायका पदराआड हसल्या. साहेब म्हणाले, प्रश्न चांगला आहे, यावर मी अभ्यास करून येतो. मम्मी हसली नाही आणि दुसऱ्या टोकाला बसलेली काकूही हसली नाही. मी दोघींच्या मध्ये बसले होते, नेहमीसारखी.

साहेबांना आमच्या घरचं कोणीतरी सांगितलंच. प्रभूच्या शेवटल्या भोजनाचा गुरुवार आला, तेव्हा त्यांनी उपासनेत जाहीर केलं की ज्यांचा आपसांत अबोला आहे त्यांनी पुढे यावं, एकमेकांचा हात धरावा, मगच भाकर आणि द्राक्षरस घ्यावा. मग काकू उठली. मम्मी उठली. दोघी वेदीपुढे उभ्या राहिल्या आणि हात हातात दिले. काकू खिडकीकडे बघत होती, मम्मी हार्मोनियमकडे. साहेबांनी वरून आपला हात ठेवला आणि देवाचे इतके आभार मानले की हात धरून धरून दोघींना घाम आला. तोंडातून मात्र दोघींच्याही चकार शब्द आला नाही. घरी येताना साहेब पप्पांना म्हणाले, “काम झालं!” आणि अंगणात पाय ठेवताच मम्मी मला म्हणाली, “शीले, तुझ्या काकूला सांग, दोरीवरचं लुगडं काढा, दव पडेल.” मी म्हटलं, “तूच सांग, आत्ताच हात धरलायस ना.” त्याबद्दल मला एक धपाटा मिळाला.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलायचे आणि तिसरा उद्गार दर वर्षी पप्पांकडे असायचा. मरता मरता प्रभू आपली आई शिष्याच्या हवाली करतो, तो प्रसंग. पप्पा बोलायचे छान, हे मला मान्य करावं लागेल. “हातापायात खिळं ठोकलेलं,” ते म्हणाले, “श्वास घ्यायला येत न्हाई, आन् तशा वक्ताला त्यानं घरचं मिटवलं. माझ्यामागं आईला कोन, ह्ये बघितलं. जग तारायचं काम चाललं हुतं, तरी घरचं टाकलं न्हाई.” बायकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते आणि मनात म्हणत होते, पप्पा, तुम्हाला तर खिळेही ठोकलेले नाहीत. दुपारी तीनला उपास सुटला. घरी आलो, पप्पांनी कण्या आणि ताक मागितलं, दोनदा घेतलं आणि ओट्यावर जाऊन काकांशेजारी आडवे झाले.

ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात करायची ही साहेबांची आणखी एक कल्पना. त्या पहाटे मरीया मग्दालिया कबरेपाशी गेली, तो सगळा भाग महिला मंडळानं वाचायचा; आणि वाचायचं म्हटलं की मंडळात मम्मीशिवाय दुसरं नाव निघत नसे. साहेबांनी हे मुद्दाम केलं असं वस्तीत अजून सांगतात. मी सांगते, ते तेवढे हुशार नव्हते. शनिवारी दिवसभर मम्मी चुलीपाशी मोठ्यानं वाचून सराव करत होती. कबर रिकामी, मरीया बाहेर रडत उभी. आधी देवदूत तिला विचारतात, मग स्वतः प्रभू, आणि तिला वाटतं की हा माळीच आहे. दोघांचा प्रश्न एकच: “बाई, का रडतेस?” मम्मी तिथं आली की नुसतं “का रडतेस” म्हणायची. मी कांदे चिरत होते. म्हटलं, “मम्मी, एक शब्द राहिला.” ती म्हणाली, “राहिला नाही, घशात अडकला, धूर किती झालाय.” परत वाचलं. परत तसंच. “मम्मी, ‘बाई’ राहिलं.” तिनं पुस्तक मिटलं. “तुझे कांदे बघ,” म्हणाली. मी वैतागून चाकू खाली ठेवला. एवढासा शब्द, भाजीवाल्या बाईलाही म्हणतो आपण, आणि हिच्या तोंडून तो निघेना. पलीकडच्या दारात काकू पातेली पोत्यात भरत होती; ती थांबली होती की मला तसं वाटलं, कोण जाणे.

पहाटे सगळी वस्ती निघाली. पुढे पेट्रोमॅक्स, मागे ढोलकी आणि टाळ, त्यामागे पोरंबाळं. कबरस्तान पाटाच्या कडेला, बाभळींच्या आत. तिथं पोचल्यावर लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून मग साहेबांपुढे येऊन बसले. काकू आली नाही. ती शमूदादाच्या कबरीपाशीच राहिली, उभी, पाठ आमच्याकडे. साहेबांनी एकदोनदा तिकडे पाहिलं, पण सूर्य उगवायच्या वेळेला गाणं सुरू व्हायला हवं असा त्यांचा हिशोब होता, म्हणून त्यांनी मम्मीला खूण केली. मम्मी वाचू लागली. तिचा आवाज बोर्डिंगातला, स्वच्छ, शब्द शब्द वेगळा. दूतांचा प्रश्न आला. “का रडतेस?” ती म्हणाली. माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे वाचत गेली. मरीया मागे वळते, तिला प्रभू दिसतो, ओळखू येत नाही. आणि तो तिला विचारतो. मम्मी थांबली. मला वाटलं, पेट्रोमॅक्सचा उजेड कमी झाला असेल. तिनं मान वर केली आणि काकूच्या पाठीकडे पाहिलं. काकूचे खांदे हलत होते. इतकी वर्षं तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि पाठमोरी का होईना, ती रडत होती. मम्मीच्या हातातलं पुस्तक खाली आलं.

“बाई,” ती म्हणाली, “का रडता?”

पुस्तकात तसं नव्हतं. पुस्तकात ‘रडतेस’ आहे. पण मोठ्या जावेला माझ्या मम्मीनं जन्मात कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं, त्यामुळे शास्त्र बाजूला राहिलं आणि जीभ आपल्या सवयीच्या वाटेनं गेली. साहेब पुढे वाकून कुजबुजले, “रडतेस... रडतेस.” त्यांना वाटलं वाचनात चूक झाली. काकू वळली. चेहरा ओला, नाक लाल, पदर एकीकडे.

“आता इचारतीस व्हय?” ती म्हणाली.

मम्मीनं तोंड उघडलं आणि मला धडकी भरली, की आता ही वचन सांगणार. तिनं सांगितलं नाही. “मग सांगायचं होतंत ना!” ती ओरडली. कबरस्तानात, ईस्टरच्या उपासनेत, बोर्डिंगातला आवाज टाकून ओरडली. “शिव्या द्यायच्या होत्या मला! तोंड शिवून बसलात! मी काय बोलले ते वाईट बोलले का?”

“वाईट न्हाई बोललीस,” काकू म्हणाली. “उठनार हाय म्हनलीस. मला म्हाईत न्हाई व्हय? तुज्याआधी माझा बाप्तिस्मा झालाय. उठंल तवा उठंल त्यो. पर त्या दिशी दुपारी जेवाया उठनार हुता का? तव्यावरची उचलनार हुता का? मला रडायचं हुतं गं. तू हात धरलंस, रडू नका म्हनलीस, समद्या बायका माझ्याकडं बघाया लागल्या. मंग मी कशी रडू? देनार हुते मी तुला शिव्या. रोज वाट बघितली. पर तू सांगून गेलीस ती परत बसाया आलीच न्हाईस.”

साहेब म्हणाले, “आपण पुढचं वचन...” सगुणा आजीनं त्यांचा हात खाली ओढला. “थांबा साहेब. बायका बोलत्यात.”

मम्मी कबरींमधून वाट काढत गेली. पुस्तक तिनं माझ्या हातात कोंबलं होतं. काकूपाशी जाऊन ती खाली मातीत बसली, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीसकट, आणि काकूही बसली. मग काकू रडली. जो हंबरडा शमूदादाच्या मरणाच्या दिवशी अर्धा राहिला होता तो तिनं तिथं पुरा केला, आणि मम्मी तिच्याबरोबर रडली, अगदी गावच्या बायका रडतात तशी, हेल काढून. त्यानं भाकरी कधी बसून खाल्ली नाही, हे काकू रडत रडत सांगत होती आणि मम्मी म्हणत होती, “हो ना, हो ना, आणि माझ्या चुलीवरचीसुद्धा उचलायचा.” सूर्य वर आला. गाणं कोणी म्हटलं नाही. ढोलकीवाला ढोलकी मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. साहेबांनी घड्याळ बघितलं, बाभळीकडे बघितलं आणि शेवटी रुमाल काढून स्वतःच डोळे पुसले. पप्पा आणि काका एकमेकांशेजारी खाली मान घालून उभे होते. मला त्या दोघांचा राग यायचा थांबला नव्हता, आणि मी मध्येच रडू लागले ते आनंदानं की संतापानं हे आजही मला सांगता येत नाही. एवढंच करायचं होतं तर इतकी वर्षं मला नळापासून चुलीपर्यंत का पळवलं, हे मला दोघींना विचारायचं होतं. दोघींपैकी कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं.

त्या दुपारी एका चुलीवर मटण शिजलं आणि अंगणात भांडण झालं. काकू म्हणाली येसूर कमी पडलाय, मम्मी म्हणाली पुरे झालं, पोरांच्या पोटाला सोसत नाही. काकू म्हणाली तुला बोर्डिंगात पानी पाजलंय, चव काय कळनार. मम्मी म्हणाली मग करा तुम्हीच. मला हाक कोणीच मारली नाही. मी ओट्यावर रिकामी बसून होते आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं.

टेम्पो मात्र आला. जावयानं सांगितलेला होता, काकांचं मन तिकडे लागलेलं होतं, आणि एका पहाटेनं कोणाचं बिऱ्हाड थांबत नाही. सामान चढलं. काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मम्मीनं खिडकीतून भाकऱ्यांचं फडकं आत दिलं. काकूनं ते मांडीवर घेतलं आणि मम्मीचं मनगट धरलं. “शमूकडं जात जा,” ती म्हणाली. “आन् नुसती प्रार्थना करून येऊ नगस. रडून येत जा. माज्या वाटचं.” मम्मी म्हणाली, “हो, बाई.” ड्रायव्हर चाबी फिरवून बसला होता तो चिडला, म्हणून काकूनं हात सोडला.

काकू पुढे पारनेरलाच वारली. तिला तिथंच माती दिली. मम्मीनं आता सत्तरी गाठली आहे, गुडघ्यांनी दगा दिला आहे, तरी दर ईस्टरच्या पहाटे मला नगरहून गाडी काढून यावं लागतं आणि तिला धरून बाभळींच्या आत न्यावं लागतं. माझी चिडचिड होते. वाटेत खड्डे, तिची काठी, तिचे सतराशे साठ सल्ले. गेल्या वेळी ती कबरीपाशी बसली, पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडली, आजूबाजूची नवी पोरं मोबाईलमधून मान वर काढून बघायला लागली. बऱ्याच वेळानं ती थांबली, नाक पुसलं. मी हात पुढे केला, म्हटलं, “चल मम्मी, ऊन चढतंय.” तिनं माझा हात बाजूला सारला.

“थांब जरा,” ती म्हणाली. “हे माझं झालं. बाईंचं राहिलंय.”